सात नंबरची चिठ्ठी

सरोजिनी मकासरे यांचं आंतर्देशीय पत्र मला अठरा फेब्रुवारी एकोणीसशे सत्त्याऐंशी रोजी सातवीच्या वर्गात मिळालं. इतिहासाचा तास चालू होता. मुलांना पुढचा धडा मनात वाचायला सांगून मी खिडकीशी गेलो आणि पत्र फोडलं. त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही.

पत्र अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलंय, पण वाचता येतं.

'मास्तर, सलाम. मी जालन्याला आईकडे आहे. बाळ बरी आहे, दोन दात आले. तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही मला सगळ्यांचं सांगितलंत. कॅथलिक काय म्हणतात, लुथरन काय म्हणतात, सगळं. तुमचं मात्र सांगितलं नाहीत. मला तुमचं पाहिजे. सोळा मार्चला नगरच्या कोर्टात तारीख आहे. त्या दिवशी बाळ आमच्याकडे राहील, नाहीतर पुण्याच्या अनाथ मुलांच्या संस्थेत जाईल. त्या चिठ्ठीचा अर्थ काय धरायचा ते लिहा. कोपऱ्यातल्या सातचं बघून सांगतो म्हणालात, तेही लिहा. चार ओळी लिहिल्या तरी चालतील. तुम्ही जे लिहाल ते मी देवासमोर मान्य करीन.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मुलं धडा वाचायची सोडून माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. बोरखळीच्या मिशन शाळेत शिकवत होतो आणि आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, चिटणीस होतो. लग्न केलं नव्हतं. शाळेमागच्या खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची आणि बाकी पुस्तकं. लोक म्हणत, अमोलिक मास्तरांना सगळं माहीत आहे. मला मात्र कुठल्याही गोष्टीची खात्री वाटत नसे. बायबलातलं एखादं वचन घ्यायचं, त्याबद्दल कोणत्या पंथानं काय म्हटलंय ते शोधायचं आणि चिठ्ठ्यांवर उतरून घ्यायचं, हा माझा नाद होता. चार जणांचं म्हणणं समोर असलं की आपलं म्हणणं नसलं तरी चालतं.

चिठ्ठीची गोष्ट सांगतो.

आमच्या मंडळीत एक जानेवारीच्या सकाळी उपासना झाली की वचनाची पेटी फिरते. पेटी म्हणजे बिस्किटाचा पत्र्याचा डबा, जांभळ्या मखमलीनं मढवलेला. आत सुरळ्या केलेल्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येकीवर बायबलातलं एक वचन, धीराचं, आशीर्वादाचं. डोळे मिटून एक काढायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं. ते देवाचं त्या माणसाशी त्या वर्षाचं बोलणं. लोक ती चिठ्ठी बायबलच्या पुठ्ठ्याला चिकटवतात, आजाऱ्याच्या उशीखाली ठेवतात. माझं अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मी एकशे चाळीस पट्ट्या करायचो, लिहायचो, सुरळी करून लाल दोरा बांधायचो. कुणाला कोणतं वचन आलं तेही मीच एका वहीत लिहून घ्यायचो.

त्या दिवशी राहेलबाई पारध्यांना 'मी तुला सोडणार नाही' हे वचन आलं. नवरा नोव्हेंबरात गेला होता त्यांचा. चिठ्ठी कपाळाला लावून त्या रडल्या. मागून सरोजिनी सिस्टर आल्या. मिशन हॉस्पिटलात त्या नर्स होत्या. खांद्यावर बाळ. जूनमध्ये कुणीतरी हॉस्पिटलच्या ओट्यावर टाकून गेलेली मुलगी. दोन दिवसांची होती तेव्हापासून सिस्टरांनीच ती वाढवली होती. ख्रिस्ती माणसाला तेव्हा कायद्यानं दत्तक घेता येत नसे, पालकत्वासाठी कोर्टात अर्ज करावा लागे. तो सिस्टर आणि त्यांचे यजमान, हॉस्पिटलच्या जीपचे ड्रायव्हर येसुदास, यांनी केला होता. कोर्टातून तारीख यायची होती.

मंडळीचे धर्मगुरू पाळक आढाव पेटी घेऊन पुढे झाले.

"काढा सिस्टर. हात पुसा आधी, लाळ आहे."

"माझी चिठ्ठी यंदा बाळ काढील," सिस्टर म्हणाल्या.

लोक हसले. पाळकसाहेबांनी डबा खाली केला. "येऊ द्या, येऊ द्या. लहानांना अडवू नये."

बाळानं मूठ आत घातली, दोन-तीन चिठ्ठ्या चिवडल्या आणि एक घट्ट धरून थेट तोंडात घातली. पुन्हा हशा. सिस्टरांनी ती ओढून काढली, दोरा सोडला आणि हसत हसतच मोठ्यानं वाचायला लागल्या.

"ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी दिलं जाईल, आणि ज्याच्याजवळ नाही..." तिथं त्यांचा आवाज उतरला. "त्याच्याजवळ जे असेल तेही काढून घेतलं जाईल."

पाळकसाहेबांनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली, परत दिली.

"वचन आहे," ते म्हणाले. "वचन नेहमी गोडच असतं असं नाही. पुढे या, कोण आहे?"

मी वहीत लिहिलं: सरोजिनी मकासरे, मत्तय, पंचविसावा अध्याय, एकोणतिसावी ओळ. लिहिताना वाटलं, ही चिठ्ठी मी डब्यासाठी लिहिली नव्हती. पण मला असं पुष्कळ गोष्टींबद्दल वाटतं. दाराला कडी घातली की नाही ते बघायला मी अर्ध्या वाटेवरून परत येतो. म्हणून त्याकडे लक्ष दिलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी सिस्टर माझ्या खोलीवर आल्या. त्यांचं पहिलंच येणं.

"सलाम मास्तर. आत येऊ का? का पुस्तकांना विचारू?"

"या ना, या."

मी खुर्चीवरची पुस्तकं खाटेवर ठेवली आणि खाटेवरची जमिनीवर. मग बाळाला जागा उरली नाही.

"इथं तर सगळं शास्त्रच पसरलंय," त्या म्हणाल्या आणि बाळाला मांडीवरच घेऊन बसल्या. बायबलमधून चिठ्ठी काढून पुढे केली. "वाचा."

"माहीत आहे मला, सिस्टर. लिहून घेतलंय ना मी."

"परत वाचा. मी इतक्यांदा वाचलंय की आता नुसती अक्षरं दिसतात."

मी वाचलं.

"माझ्याजवळ नाही, मास्तर. अकरा वर्षं झाली लग्नाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगून टाकलंय. आणि जे आहे ते म्हणजे ही." त्यांनी बाळाच्या टाळूवर हात ठेवला. "मग काढून घेणार म्हणजे काय? कसं घेणार?"

"पाळकसाहेबांना विचारलंत?"

"ते म्हणाले उपास कर. माझी बहीण पेंतेकोस्त मंडळीत जाते, ती म्हणते, देव आधीच सावध करतोय. तू हट्टानं ठेवलीस तर मरणानं नेईल, तू होऊन सोडलीस तर जगेल. मी नर्स आहे, मास्तर. पोरं कशी जातात ते मी पाहिलंय. संध्याकाळी बरं असतं आणि सकाळी नसतं. रोज उठले की आधी हिच्या नाकापाशी बोट धरते. तुम्ही एवढं वाचता. हे तिच्याबद्दल आहे का, तेवढं सांगा."

मी उठलो. वह्या काढल्या. बोलायला लागलो की माझी भीती जाते, फक्त ते बोलणं दुसऱ्या कुणाचं तरी असावं लागतं. मी सांगितलं की हे वचन धन्याच्या आणि चाकरांच्या दाखल्यातलं आहे. धनी पैसे वाटून परदेशी जातो, परत येऊन हिशेब मागतो, आणि ज्यानं भिऊन पैसे पुरून ठेवले त्याच्याकडचे काढून घेतो. रोमचे एक जुने पोप म्हणतात की इथं 'आहे' म्हणजे प्रेम आहे. ज्याच्याजवळ प्रेम आहे त्याला बाकीची दानं मिळतात. लुथरन शिक्षक म्हणतात, 'आहे' म्हणजे विश्वास आहे.

"आणि विश्वास नसला तर?"

"तर मग... काढून घेतलं जातं. पण प्रेस्बिटेरियन लोकांचं म्हणणं वेगळं. ज्यांच्याजवळ असल्यासारखं नुसतं दिसतं, त्यांच्याबद्दल हे आहे म्हणतात."

"माझ्याजवळ असल्यासारखं दिसतंय फक्त. तसंच ना?"

"तसं नाही, सिस्टर, त्यांचा रोख ढोंगी लोकांवर आहे. पेंतेकोस्त मंडळीत हे आत्म्याच्या दानांबद्दल घेतात."

बाळानं हात लांबवून माझ्या वहीचं पान ओढलं. सिस्टरांनी ते सोडवलं.

"रागावणार नसाल तर बोलू का? मी काही शिकलेली नाही यातलं."

"बोला ना."

"हा धनी आहे ना दाखल्यातला, तो मला देव वाटतच नाही. माझा आजा पाटलाकडे सालगडी होता. पाटील असाच बोलायचा. ज्याचं घर भरलंय त्याला अजून द्या. तुझ्या घरात काय आहे? शेळी? आण तीपण इकडं. हे त्या पाटलाचं बोलणं आहे, मास्तर. येशू ते बोलून दाखवतोय, की बघा, जगात असं चालतं म्हणून. स्वतः तो असं कशाला करील?"

मी खाटेवरून उठलोच. "वा! सिस्टर, हे मत आहे बरं का! दक्षिण अमेरिकेतले काही कॅथलिक पंडित गरिबांच्या बाजूनं बायबल वाचतात, ते अगदी हेच म्हणतात. धनी म्हणजे देव नव्हेच. थांबा, लिहून घेतो."

टेबलावरची एक पट्टी ओढून मी लिहिलं. मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं काही नव्हतं.

"म्हणजे हे पण एक मतच," त्या म्हणाल्या.

"हो. पाचवं."

"पाचवं."

त्या माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत होत्या. मग स्वतःच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं.

"कागद सारखाच आहे."

"शाळेचाच कागद. प्रश्नपत्रिकांचा."

"आणि हे काय आहे? कोपऱ्यात पेन्सिलीनं सात लिहिलंय. बाकी कुणाच्या चिठ्ठीवर आकडा नाही. मी राहेलबाईंची पाहिली, दवाखान्यातल्या सगळ्यांच्या पाहिल्या. बाळाला सातवा महिना चालू होता त्या दिवशी. आता सात पुरे झाले. ते असेल का?"

मी वही मिटली.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी बाळाला टोपडं घातलं, सलाम केला आणि निघून गेल्या.

बघायचं काहीच नव्हतं. आदल्या दिवशीच बघून झालं होतं. डिसेंबरपासून मी 'कठीण वचनं' म्हणून बारा वचनांचा अभ्यास करत होतो, ज्यांच्या अर्थावरून सगळे पंथ भांडतात अशी. बारा पट्ट्या, कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ते बारा आकडे, गठ्ठ्याला रबरबँड. कागद वाया जाऊ नये म्हणून डब्याच्या चिठ्ठ्यांच्याच मापाच्या. तीस डिसेंबरला त्याच टेबलावर मी डब्यासाठी सुरळ्या करत होतो. त्या शनिवारी गठ्ठा सोडला, तर सहानंतर आठ आला.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणालाही सांगितलेली नाही. सुरळ्या बांधून झाल्यावर मी त्या मोजल्या होत्या. एकशे एकेचाळीस भरल्या. मला वाटलं, आपलंच मोजताना चुकलं असेल. परत मोजल्या नाहीत.

मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते अंगणात शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"चूक कशी म्हणता, मास्तर? यहूदाच्या जागी बारावा शिष्य म्हणून मथ्थियासाला निवडलं ते चिठ्ठी टाकूनच ना? ती चिठ्ठी कुणीतरी माणसानंच लिहिली असेल. देवाला तुमच्या टेबलावरची पट्टी उचलता येत नाही काय?"

"पण सिस्टरांना सांगायला नको?"

"काय सांगाल? की हे तुमचं वचन नव्हे, मास्तरांच्या अभ्यासाचा कागद आहे? उद्या राहेलबाई विचारतील, माझं तरी देवाचं का? तीही मास्तरांनीच लिहिली ना? मग डब्यात राहिलं काय? प्रश्नपत्रिका." त्यांनी शेंग मोडली. "बारा महिने लोक त्या एका ओळीवर काढतात. जरा विचार करा."

मी विचार केला. तेवढंच मला येतं.

गुरुवारी वरच्या कॅथलिक मिशनात फादर तुस्कानोंकडे गेलो. फादर वसईचे, जाडजूड, बोलायला फटकळ. मी त्यांच्याकडून पुस्तकं आणायचो. ते गुलाबाच्या कुंड्यांना पाणी घालत होते. ऐकता ऐकता हसायला लागले.

"तुम्ही प्रॉटेस्टंट लोक कमाल करता हं. पोपचं ऐकत नाही आणि बिस्किटाच्या डब्याचं ऐकता!"

"फादर, थट्टा नको. हे योगायोगानं घडलं की देवाच्या योजनेत बसतं, याबद्दल तुमच्याकडे काय शिकवण आहे?"

त्यांनी झारी खाली ठेवली.

"अमोलिक, पुस्तक पाहिजे का तुम्हाला? आहे माझ्याकडे. तीन खंड आहेत. पण ती बाई तीन खंड मागायला आली नव्हती. चूक कुणाची झाली?"

"माझी."

"मग योजना-बिजना नंतर बघू. आत्ता जा आणि सांगा, चूक माझी झाली. दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि देवानंच ते घडवलं असलं तर?"

"तर तो तुमच्या सांगण्यानं अडणार आहे का?" फादर म्हणाले. "तुम्ही देवाला घाबरत नाही, अमोलिक. तुम्ही त्या बाईला घाबरता."

मी हॉस्पिटलात गेलो तर सिस्टर रजेवर जालन्याला गेल्या होत्या. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. मग पत्र आलं.

उत्तर लिहायला मी त्याच संध्याकाळी बसलो. तीन आठवड्यांत तेवीस पानं झाली. त्यात सिरियन मंडळीच्या जुन्या टीकाही होत्या. पंधरा मार्चला ती पानं पाकिटात घालण्याआधी मी पुन्हा वाचली. त्यात सगळं होतं. सातव्या पट्टीचा उल्लेख कुठेच नव्हता. मी पानं फाडली. टपालानं आता पोचणारही नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन तोंडानंच सांगायचं ठरवलं.

सकाळच्या एसटीनं नगरला गेलो. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली ती दोघं बसली होती. येसुदास पायांवर बसून जमिनीवर काडीनं रेघा मारत होते. सिस्टरांनी नवं लुगडं नेसलं होतं. शेजारी पुण्याच्या संस्थेची एक बाई, तिच्या हातात कागदांची पिशवी. मी चहाच्या टपरीच्या आड उभा राहिलो. मनात वाक्य तयार होतं. सिस्टर, ती चिठ्ठी माझी होती. इतकंच. ते मी टपरीमागे हळू आवाजात बोलूनही बघितलं.

मग त्यांना आत बोलावलं. अर्ध्या तासानं सगळे बाहेर आले तेव्हा बाळ संस्थेच्या बाईच्या कडेवर होती. अर्ज सिस्टरांनी आपणहून मागे घेतला, असं मागाहून कळलं. सिस्टर त्या बाईला काहीतरी समजावून सांगत होत्या, दुधाच्या बाटलीचं असावं, कारण बाटली उलटी करून दाखवत होत्या. बाळ त्यांच्याकडे बघून हात नाचवत होती. तिला वाटत असेल, खेळ आहे. रिक्षा आली. रिक्षा गेली. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या, बाटलीचं झाकण हातात राहून गेलं होतं.

मी टपरीमागून निघालो नाही. परतीची एसटी पकडली.

त्या जूनमध्ये ती दोघं जालन्याच्या दवाखान्यात बदली करून घेऊन गेली. डब्याच्या चिठ्ठ्या मी पुढे बावीस वर्षं लिहिल्या. दरवर्षी चार वेळा मोजायचो. 'कठीण वचनं' पुरं केलं नाही. निवृत्त झालो, शाळेची खोली सोडली, गावातच दुसरी घेतली. पुस्तकं वाढली. माणसं आधीच कमी होती.

गेल्या नोव्हेंबरात पाळक आढाव वारले, ब्याण्णव वर्षांचे होऊन. मातीला बरीच जुनी माणसं आली होती. दफन झाल्यावर मंडपात मी एका कडेला बसलो होतो. पांढऱ्या साडीतली एक बाई काठी टेकत आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

"सलाम मास्तर. अजून वाचता?"

आवाजावरून ओळखलं. "सिस्टर! हो... वाचतो थोडंफार. डोळे साथ देत नाहीत. येसुदास?"

"सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. तुम्ही एकटेच का अजून?"

"एकटाच."

"मग दोघंही सारखीच." त्या हसल्या. चहा आला. त्यांनी बशीत ओतून प्यायला. मग पिशवीतून बायबल काढलं आणि पुठ्ठा उघडला. आतल्या बाजूला ती पट्टी चिकटवलेली होती, पिवळी पडलेली. पेन्सिलीचा सात पुसट झाला होता, पण होता.

"काय अक्षर होतं तुमचं. छापल्यासारखं."

मी कप खाली ठेवला.

"वचन खरं झालं, मास्तर. मला दुसरं झालं नाही, जे होतं ते गेलं. पण देवानं आधी सांगितलं होतं. न सांगता नेलं असतं तर मी वेडी झाले असते. असेल आता कुठंतरी. अडतीसची. तिला पोरं असतील." त्यांनी बायबल मिटलं. "तुम्ही त्या दिवशी कोर्टात आला होतात ना? चहावाल्याच्या मागं. मी पाहिलं होतं तुम्हाला. म्हटलं, मास्तर आपल्यासाठी प्रार्थना करायला आलेत. फार बरं वाटलं होतं."

"सिस्टर," मी म्हणालो.

"बोला."

"तुमचा पत्ता काय आता?"

त्यांनी पत्ता सांगितला, मी डायरीत लिहून घेतला. जीप आली म्हणून कुणीतरी त्यांना हाक मारली. काठीवर भार देऊन उठता उठता त्या म्हणाल्या, "एक मात्र झालं. तेव्हापासून मी देवाकडे काही मागत नाही. प्रार्थना रोज करते, त्याचं नाव घेते, गाणं म्हणते. मागणं सोडलं. मागितलेलं तो बघून ठेवतो असं वाटतं."

त्या गेल्या.

दोन महिने मी पुन्हा तेच केलं, जे मला येतं. सांगावं की नाही याचा विचार केला. सत्तरीतल्या बाईला एक समजूत लाभली आहे, देवानं आधी सांगितलं होतं ही. ती काढून घ्यायची? काढून घेऊन द्यायचं काय? दोन्ही बाजूंनी वाचलं, टिपणं केली. एक दिवस जुन्या चिठ्ठ्यांच्या खोक्यात पाचव्या मताची पट्टी सापडली. धनी म्हणजे देव नव्हे, पाटील आहे, असं माझ्या अक्षरात. खाली मी लिहिलं होतं: दक्षिण अमेरिका. सिस्टरांचं नाव लिहिलं नव्हतं.

त्या दुपारी पोस्टात जाऊन एक कार्ड आणलं. पाकीट घेतलं नाही. कार्डावर चार पंथ मावत नाहीत.

'सरोजिनीबाई, सलाम. तुम्ही जालन्याहून फेब्रुवारी सत्त्याऐंशीत लिहिलेल्या पत्राचं हे उत्तर. ती चिठ्ठी डब्यातली नव्हती. माझ्या अभ्यासाच्या गठ्ठ्यातली ती सातवी पट्टी, माझ्या हातून डब्यात गेली. सात म्हणजे तेवढंच. तुम्ही माझ्या खोलीवर आलात त्याच्या आदल्या दिवसापासून मला हे माहीत होतं. कोर्टात मी प्रार्थना करायला आलो नव्हतो, हे सांगायला आलो होतो आणि सांगितलं नाही. देवानं तुमच्याकडून बाळ मागितली नव्हती. पाटलाबद्दल तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. माझं मत विचारलं होतंत, ते हे. शांतवन अमोलिक.'

पोस्टाबाहेरच्या पेटीत कार्ड टाकलं तेव्हा तीन वाजले होते. पेटी साडेतीनला उघडतात. मी समोरच्या ओट्यावर बसून राहिलो. पोस्टमन ओळखीचा आहे, माझाच जुना विद्यार्थी. त्यानं कुलूप काढलं, पत्रं पिशवीत ओतली, मला बघून थांबला.

"काय सर, काही राहिलं का? परत पाहिजे का एखादं?"

"नको," मी म्हणालो. "जाऊ दे."

त्यानं पिशवी सायकलला अडकवली आणि स्टँडच्या रस्त्यानं गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी उठलो.